सुट्टीनंतरचा महिना : बिडी ओढणाऱ्या एका रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या कळमना बाजार समितीच्या आवारात हमाली करणाऱ्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थांचे आहे. फुफ्फुसांचा जुनाट आजार, ज्याला दवाखान्यात सगळेच सीओपीडी म्हणतात, तो थंडीत एकाएकी बळावल्याने त्यांना शहरातील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या छातीरोग वॉर्डात भरती करण्यात आले. त्यांचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही. वॉर्डात आम्ही त्यांना काका म्हणत असू आणि येथेही तेच संबोधन ठेवले आहे. मी त्या वॉर्डाची समाजसेवा अधीक्षक आहे. व्यसनमुक्तीचे समुपदेशन हा माझ्या कामाचा एक भाग असून, हे प्रकरण सविस्तर लिहिण्यामागे एक ठाम मत आहे. रुग्णालयात असताना रुग्णाची बिडी बंद होते ती परिस्थितीमुळे. तिला उपचाराचे यश मानून आपण रुग्णालयातून सुट्टी (डिस्चार्ज) देण्याच्या दिवशी फाइल मिटवतो, आणि खरा उपचार ज्या महिन्यात लागतो त्या महिन्यात रुग्णाजवळ आपल्यापैकी कोणीही नसते.

भरतीच्या केस पेपरवर काकांच्या सवयींबद्दल एवढीच नोंद होती : ‘धूम्रपान – होय’. किती, केव्हापासून, दिवसातली पहिली बिडी केव्हा, याआधी सोडून पाहिली होती का, धुराशिवाय दुसरा तंबाखू घेतात का, यांपैकी काहीही विचारलेले नव्हते. रात्री दोन वाजता धाप लागलेला माणूस स्ट्रेचरवर येतो तेव्हा निवासी डॉक्टरला हे विचारायला सवड नसते, हे मला मान्य आहे. पण पुढचे सहा दिवस तोच कागद रोज राउंडला उघडला जातो आणि ती ओळ तशीच राहते, याला घाईचे कारण पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना थोडे बोलता येऊ लागल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यातले. उन्हाळ्यात आईसोबत तेंदूपाने तोडायला जाणे आणि पावसाळ्यात घरी बसून बिड्या वळणे यात त्यांचे लहानपण गेले. बारा-तेरा वर्षांचे असताना वळता वळता तुटलेल्या बिड्या ओढून पाहिल्या, आणि तिथून ती सवय कायमची लागली. नागपुरात आल्यावर हमालीत पहाटेचा ट्रक रिकामा करण्याआधी एक, झाल्यावर एक, चहासोबत एक, असे करत दिवसाला तीसच्या आसपास बिड्या होत असत. सकाळी डोळे उघडल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली बिडी लागे. निकोटिनवरील अवलंबन मोजण्यासाठी फॅगरस्ट्रॉम चाचणी वापरतात. तिच्यातील सिगारेटच्या जागी बिडी धरून प्रश्न विचारले असता काकांना १० पैकी ८ गुण पडले, म्हणजे अवलंबन तीव्र होते. ‘मनावर घेतले तर आजच सुटेल’ असे ज्यांना सांगितले जाते त्यांच्यात असे रुग्ण बरेच असतात आणि हे सांगणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. मेंदूला चाळीस-पंचेचाळीस वर्षे दर अर्ध्या-पाऊण तासाने निकोटिन मिळाले असेल, तर ते बंद झाल्यावर होणारा त्रास हा शारीरिक त्रास असतो आणि त्याला औषध असते.

बिडीबद्दल एक गैरसमज आमच्याकडे फार रुजलेला आहे. पान नैसर्गिक, तंबाखू थोडा, कागद नाही, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असे काकांनाही वाटत होते. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात, आणि कार्बन मोनॉक्साइड व डांबर छातीत जास्त जाते. हे मी त्यांना समजावले तेव्हा ते म्हणाले, “हे तं बिडी वळणाऱ्याले आधी सांगायले पाहिजे होतं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरना त्यांच्या उशीखाली काडेपेटी सापडली. काका पहाटे ऑक्सिजनची नळी काढून ठेवून जिन्याखाली गेले होते आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातेवाइकाकडून घेतलेली बिडी अर्धी ओढून परत आले होते. वॉर्डात एकच आरडाओरडा झाला. सिस्टरांचा राग अगदी रास्त होता, कारण ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ एक ठिणगी पुरेशी असते आणि त्या वॉर्डात वीसहून अधिक माणसे झोपलेली असतात. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, रुग्णालयाच्या फाटकावर तसा फलकही आहे, आणि सुरक्षारक्षक दंडाची भीतीही घालतात. तरीही प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एखादा जिना, एखादे स्वच्छतागृह, पाण्याच्या टाकीमागची एखादी जागा अशी असतेच, की जिथे जमिनीवर थोटके पडलेली दिसतात. माझ्या मते याचे कारण बेशिस्तीपेक्षा वेगळे आहे. आपण रुग्णाची बिडी काढून घेतो आणि तिच्या बदल्यात काहीच देत नाही. वेदना असलेल्या रुग्णाला वेदनाशामक न देता ‘ओरडू नका’ असे बजावण्याला आपण उपचार म्हणणार नाही. निकोटिनच्या ओढीबाबत मात्र नेमके हेच चालते.

काका जिन्याखाली का गेले हे कोणी विचारले नव्हते. मी विचारल्यावर त्यांनी आधी मान खाली घातली, मग आजूबाजूला पाहून हळू आवाजात सांगितले, “मॅडम, तीन दिवस झाले, पोट साफ नाही झालं. बिडी घेतल्याबिगर होतच नाही. हे डॉक्टरले कोण सांगन?” आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या पुरुषांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते, पण भोवती डॉक्टर आणि विद्यार्थी उभे असताना राउंडमध्ये कोणी ती बोलून दाखवत नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. ते एकाएकी थांबले की बद्धकोष्ठ होणे हे तंबाखू सोडतानाचे ओळखीचे लक्षण आहे आणि काही आठवड्यांत ते आपोआप कमी होते. काकांच्या बाबतीत एवढेच करायचे होते, की त्यांची लाज न काढता हे समजावून सांगायचे, सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये झेपेल तेवढ्या फेऱ्या सुरू करायच्या, आणि ओढ शमवणारे औषध द्यायचे. माझ्या अनुभवात, पोटाची ही गोष्ट मोकळेपणाने बोलली गेली की रुग्ण पुढचे बाकी सारे सांगू लागतो. फुफ्फुसांच्या चित्रांनी तेवढा विश्वास बसत नाही.

औषधाचा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. निकोटिनचे गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येते. २ मिलिग्रॅमचे गम चिठ्ठीशिवाय मिळते, तर ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि उठल्याबरोबर अर्ध्या तासात बिडी लागणाऱ्यांना सहसा ४ मिलिग्रॅमच द्यावे लागते. पण काकांच्या खालच्या दाढा पडलेल्या होत्या. हे गम सतत चघळायचे नसते. थोडे चावून तोंडात झणझणल्यासारखे झाले की गालाच्या आत ठेवायचे आणि चव गेली की पुन्हा चावायचे, हे दाढा नसलेल्या माणसाला जमणे कठीण होते. म्हणून छातीरोग विभागाच्या डॉक्टरांनी २१ मिलिग्रॅमचा पॅच लावायला आणि फारच ओढ लागल्यास २ मिलिग्रॅमची निकोटिनची चघळायची गोळी तोंडात ठेवायला सांगितले. गोळीच्या पंधरा मिनिटे आधी आणि ती तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, कारण चहामुळे तोंडातून निकोटिन नीट शोषले जात नाही, ही सूचना त्यांच्या पत्नीला दोनदा सांगितली, कारण घरातला चहा त्यांच्याच हाती होता.

रुग्णालयाच्या औषध भांडारात पॅच नव्हते. निकोटिनची ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत, तरी ती वॉर्डापर्यंत पोहोचत नाहीत याची मला खंत आहे. बाहेरून घ्यायची म्हटली तर दिवसाच्या पॅचचा आणि गोळ्यांचा खर्च दिवसाच्या तीस बिड्यांपेक्षा कितीतरी जास्त होतो. रोजंदारी बुडालेल्या कुटुंबाला ‘व्यसनापेक्षा औषध स्वस्त’ असे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण ते खरे नव्हते. समाजसेवा विभागाकडे दानशूर व्यक्तींकडून येणाऱ्या मदतीतून पहिल्या काही आठवड्यांचे पॅच मिळवले आणि पुढचे मुलाने घेण्याचे कबूल केले. पॅच लावल्यावर काकांची चिडचिड संध्याकाळपर्यंत कमी झाली आणि त्यानंतर भरती संपेपर्यंत ते जिन्याकडे गेले नाहीत.

आता सुट्टीनंतरच्या महिन्याबद्दल. रुग्णालयात भरती असलेल्यांना तंबाखू सोडवण्याच्या उपायांवर जगभरात झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा २०१२ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. भरतीत सुरू झालेले समुपदेशन सुट्टीनंतर किमान एक महिना चालू ठेवले तर तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक वाढते. केवळ भरतीपुरते किंवा त्याहून थोड्या काळाचे समुपदेशन केले तर असा फायदा दिसून येत नाही. अमेरिकेतील बोस्टनच्या एका रुग्णालयात ३९७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुट्टीनंतर तीन महिने मोफत औषध आणि स्वयंचलित फोन दिलेल्या गटात सहा महिन्यांनी २६ टक्के लोक तंबाखूमुक्त असल्याचे तपासणीने सिद्ध झाले. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या हृदयरोग संस्थेने २००२ पासून हीच पद्धत रुग्णालयाच्या रोजच्या कामात बसवली : प्रत्येक भरती रुग्णाला विचारणे, नोंद करणे, औषध देणे आणि घरी गेल्यावर ठरलेल्या तारखांना फोन करणे. यात महागडे यंत्र नाही की नवे औषध नाही. रुग्ण फाटकाबाहेर गेल्यावरही तो आपला रुग्ण आहे, एवढे मान्य करावे लागते.

आमच्याकडे ‘फोन करणे’ म्हणजे काय, हेही सांगायला हवे. काकांकडे स्वतःचा फोन नव्हता. घरातला एकच मोबाइल मुलाकडे असे आणि मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीने कामाला जाई. केस पेपरवर लिहिलेला क्रमांक रुग्णवाहिका बोलावणाऱ्या शेजाऱ्याचा निघाला. दिवसा अकरा वाजता त्या क्रमांकावर फोन करून ‘रुग्ण संपर्कात नाही’ अशी नोंद झाली असती आणि कोणाचाही दोष दिसला नसता. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काका, त्यांची पत्नी आणि मुलगा यांना एकत्र बसवून मुलाच्या पाळीचे वेळापत्रक घेतले, फोन रात्री आठनंतर किंवा रविवारी करायचे ठरवले, आणि डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीतच, तळटिपेत नव्हे, ‘तंबाखूमुक्ती उपचार चालू’ असे डॉक्टरांकडून लिहून घेतले. कार्डावर औषधांमध्ये लिहिलेल्या गोष्टीला घरी औषधाचा मान मिळतो. सोबत राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांकही मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तो क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर छापला जातो. काकांच्या खिशात तो रोज असे, पण त्यांना वाचता येत नसल्याने आणि कोणी सांगितले नसल्याने तो कशाचा हे त्यांना ठाऊक नव्हते.

पहिला फोन सुट्टीनंतर दोन-तीन दिवसांनी केला. फोनवर ‘बिडी घेतली का’ हा पहिला प्रश्न मी कधीच विचारत नाही. त्याने फोन पोलिसी चौकशीसारखा होतो आणि पुढच्या वेळी मुलगा ‘बाबा झोपले’ असे सांगतो. आधी छाती, झोप, भूक, पोट आणि मग पॅच कुठे लावला आहे, जागा रोज बदलता का, असे विचारत जायचे. काका बरे होते. झोप कमी होती, पोट ठीक होते, बिडी नव्हती. दुसऱ्या फोनला मात्र त्यांचा आवाज बदललेला होता. “मॅडम, बिडी सोडली तं छातीत धडधड होऊन राहिली. हात कापून राहिले. जेवण जाऊन नाही राहिलं. शेजारचे म्हणते, एकदम सोडली म्हणून झालं, दोन-दोन घेत जा.”

हे ऐकून ‘सोडताना असे होतेच, धीर धरा’ असे सांगणे सोपे होते, आणि बहुतेक वेळा लक्षणे तशीच असतात. पण तंबाखू सुटल्यावर नाडीचा वेग सहसा कमी होतो, वाढत नाही. त्यामुळे धडधड आणि कंप यांचे कारण दुसरीकडे शोधायला हवे होते. मी त्यांच्या गोळ्यांची पाकिटे मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितली आणि डॉक्टरांना दाखवली. त्यात थिओफायलिन होते. दम्याच्या आणि सीओपीडीच्या रुग्णांना आपल्याकडे आजही सर्रास दिले जाणारे हे औषध स्वस्त आहे, पण त्याची उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. बिडीच्या धुरातील डांबरी रसायनांमुळे यकृतातील सीवायपी१ए२ नावाचे विकर (एन्झाइम) जादा जोमाने काम करते आणि थिओफायलिनचा निचरा लवकर होतो. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांना हे औषध जास्त लागते. धूर थांबला की काही दिवसांतच विकराचे काम पूर्वपदावर येते, निचरा मंदावतो आणि तीच गोळी अंगाला जास्त होऊ लागते. पॅचमध्ये निकोटिन असते, धूर नसतो, त्यामुळे पॅच चालू असूनही हा बदल होतोच. त्यातच चहामधील कॅफिनचा निचराही याच विकराकडून होतो, आणि बिडीची तलफ मारण्यासाठी काकांनी घरी चहा वाढवला होता. धडधड, कंप, जेवण न जाणे, झोप न लागणे या चारही तक्रारींचा उगम एका जागी सापडला.

दुसऱ्या दिवशी काका ओपीडीत आले. ईसीजी काढला गेला, नाडी जलद पण नियमित होती. डॉक्टरांनी थिओफायलिनची मात्रा सुमारे एक-तृतीयांशाने कमी केली आणि चहा दिवसाला दोन कपांवर आणायला सांगितले. तीन-चार दिवसांत धडधड थांबली. या घटनेला मी प्रकरणाचा गाभा मानते. वेळेवर फोन झाला नसता तर काकांनी शेजाऱ्यांचे ऐकून दोन-दोन बिड्या सुरू केल्या असत्या, धुराने निचरा पुन्हा वाढून त्रास खरोखरच कमी झाला असता, आणि ‘बिडी सोडली की जीव घाबरतो, घेतली की बरे वाटते’ ही खात्री त्यांच्या मनात आयुष्यभरासाठी बसली असती. अशी खात्री घेऊन किती रुग्ण आपल्याकडे पुन्हा भरती होतात, कोण जाणे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मनोविकारांवरील औषधांचेही असेच होते. त्यामुळे मनोरुग्णांची सेवा करणाऱ्या सहकाऱ्यांनी रुग्णाची बिडी सुटली की औषधांची यादी जरूर तपासावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तिसऱ्या आठवड्यात काका कामावर परतले. डॉक्टरांनी आणखी विश्रांती सुचवली होती, पण घर त्यांच्या मजुरीवर चालत होते. मुकादमाला सांगून मुलाने त्यांना मिरचीच्या बाजाराऐवजी धान्याच्या बाजूला काम मिळवून दिले, कारण कळमन्याच्या मिरची बाजारातील उडती पूड निरोगी माणसालाही खोकायला लावते. पुढच्या फोनवर काकांनी ठामपणे सांगितले की बिडीला हात लावलेला नाही. ओपीडीत श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजला तेव्हा यंत्रानेही त्यांच्या बोलण्याला दुजोरा दिला. त्यांची पत्नी मात्र शेजारी गप्प होती. मी “काही सांगायचे आहे का, काकू?” असे विचारल्यावर त्यांनी पदरात बांधलेली खर्ऱ्याची चुरगळलेली पन्नी काढून टेबलावर ठेवली. काका लगेच म्हणाले, “बिडी नाही घेतली, आईची शपथ. खर्रा खाल्ला फक्त.”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत हाताने घोटून खर्रा बनवतात. पानठेल्यावर समोर घोटून मिळतो आणि आमच्याकडे तो पाहुण्याला चहा द्यावा तितक्या सहजतेने पुढे केला जातो. काकांनी खोटे बोललेले नव्हते. त्यांना विचारले होते बिडीबद्दल, आणि त्यांनी बिडीबद्दल खरे उत्तर दिले होते. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र तरी काय करणार, खर्ऱ्यात धूरच नसतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आहेत. ज्या राज्यात तंबाखूचा मोठा हिस्सा तोंडात धरला जातो, तिथे परदेशी नमुन्यावरून घेतलेला ‘धूम्रपान – होय किंवा नाही’ हा एकच रकाना रुग्णाच्या निम्म्या आजाराकडे पाठ फिरवतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला आहे. तंबाखू काढून टाकला तरी खर्रा निरुपद्रवी होत नाही.

काकांच्या समजुतीप्रमाणे खर्रा पोटात जातो, फुफ्फुसात नाही, त्यामुळे त्यांच्या आजाराशी त्याचा संबंध नव्हता. त्यांना कर्करोगाची छायाचित्रे दाखवण्याऐवजी मी त्यांना स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. ते थोडे चमकले. तोंड असे आखडायला काही आठवडे पुरत नाहीत, त्याला वर्षे लागतात. विचारल्यावर कळले की खर्रा पूर्वीपासूनच होता, दिवसाला एखादा, पण त्याला त्यांनी किंवा घरच्यांनी कधी व्यसनात धरलेच नव्हते. बिडी सुटल्यावर निकोटिनची जी जागा रिकामी झाली ती या जुन्या ओळखीच्या वस्तूने भरून काढली होती, आणि त्याच सुमारास पैसे वाचवण्यासाठी काकांनी पॅच लावणे सोडले होते. पॅच बंद झाल्याचेही आम्हाला त्याच दिवशी कळले.

येथे दोन मते पडली. एका डॉक्टरांचे म्हणणे असे होते की सीओपीडीच्या रुग्णाची बिडी सुटली हेच पुष्कळ आहे, खर्ऱ्याचा आग्रह धरून त्याला दुखवू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. लंग हेल्थ स्टडी या अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासात अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले होते की धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांची श्वास सोडण्याची क्षमता वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटरने घटली, तर सुरुवातीलाच सोडणाऱ्यांची सुमारे ३० मिलिलिटरने. काकांच्या फुफ्फुसांचा पुढचा काळ या फरकावर अवलंबून होता आणि तो त्यांनी मिळवला होता. तरीही मी खर्ऱ्याकडे दुर्लक्ष करण्याच्या बाजूची नव्हते. जोवर मेंदूला तंबाखूतून निकोटिन मिळत आहे तोवर ओढ जिवंत राहते, आणि खर्रा मिळाला नाही अशा एखाद्या रात्रपाळीला शेजारच्याची बिडी पुढे येणारच. शेवटी ठरले ते असे, की काकांचे कौतुक बिडीसाठी मनापासून करायचे, खर्ऱ्याला स्वतंत्र तारीख ठरवायची, पॅच कमी ताकदीचा का होईना पण पुन्हा सुरू करायचा, आणि पन्नी समोर ठेवल्याबद्दल काकूंना घरी कोणी बोलणार नाही असे काका आणि मुलगा दोघांकडून वदवून घ्यायचे. ही शेवटची अट मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटली. घरातील ज्या माणसाने खरे सांगितले त्यालाच बोल बसला, तर पुढचे खरे आपल्यापर्यंत येत नाही.

पहिल्या महिन्यानंतर फोन विरळ केले, पण बंद केले नाहीत. उन्हाळ्यात एकदा धाप लागून काकांना काही तास अपघात विभागात ठेवावे लागले. तेव्हा पाळीवरील डॉक्टरांनी ‘बिडी सोडून काय मिळालं मग?’ असे त्यांनाच ऐकवले. काका त्या रात्री मुलाच्या फोनवरून स्वतः माझ्याशी बोलले आणि हेच विचारत होते. त्यांना सांगितले की थंडीत अशाच त्रासासाठी आठवडाभर भरती राहावे लागले होते, या वेळी नेब्युलायझरवर काही तासांत भागले, आणि हा फरक त्यांनी स्वतः कमावला आहे. रुग्णाला उद्देशून बोललेला एक वाईट शब्द आमचे कितीतरी फोन फुकट घालवू शकतो, हे त्या विभागातील सहकाऱ्यांना नंतर भेटून सांगितले आणि त्यांनी ते समजूतदारपणे ऐकून घेतले.

सहा महिन्यांच्या तपासणीला काकांच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड बिडी न ओढणाऱ्या माणसाइतकाच होता. भरतीनंतर जिन्याखालची ती अर्धी बिडी सोडली तर दुसरी त्यांनी घेतलेली नाही, असे ते सांगतात आणि काकूही सांगतात. खर्रा पूर्ण सुटलेला नाही. बाजार भरात असलेल्या आठवड्यात एखाद-दुसरा होतो आणि ते तो लपवत नाहीत. तोंड उघडण्याच्या अडचणीसाठी त्यांना दंत विभागात पाठवले असून, गालाच्या आतील पांढरट, ताठ झालेल्या भागाची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची आहे. थिओफायलिन कमी मात्रेवरच चालू आहे, आणि पुन्हा बिडी सुरू झाली किंवा दुसऱ्या दवाखान्यात औषध बदलले तर आम्हाला कळवावे, अशी सूचना त्यांच्या कार्डावर लिहिली आहे.

वॉर्डात यानंतर दोन बदल झाले. भरतीच्या नोंदीत बिडी, सिगारेट, खर्रा, तंबाखू-चुना, गुटखा आणि नस (तपकीर) असे वेगवेगळे विचारले जाते. थिओफायलिनवर असलेल्या ज्या रुग्णाची बिडी बंद झाली आहे, त्याच्या केस पेपरवर सिस्टर लाल पेनाने खूण करतात आणि सुट्टीपूर्वी डॉक्टर मात्रा पुन्हा पाहतात. छापील केस पेपरमध्ये हा नवा रकाना यावा यासाठी प्रस्ताव पाठवलेला आहे. तो मंजूर होईपर्यंत आम्ही रबरी शिक्का बनवून घेतला असून, रात्रपाळीच्या सिस्टर तो प्रत्येक नव्या कागदावर मारून ठेवतात.